बोरखिंडीचा गागिक राजा

हिरामणशेठला राजा करायचं आनंदीबाईंनी ठरवलं, तेव्हा राजाबद्दल त्यांच्या मनात काडीचाही आदर नव्हता. त्यांचा डोळा दगडावर होता.

दगडही साधासुधा नव्हता. काळा, चहूबाजूंनी घडवलेला, पाथरवटांनी दोन वर्षं खपून कोरा करकरीत केलेला. बोरखिंडीच्या चिंचेखाली त्याच्या राशी लागल्या होत्या. पळसदरीकडून गावात येणारा माणूस आधी तो दगड बघायचा आणि मग गाव. हिरामणशेठला त्यातून दुमजली माडी उठवायची होती. लढाईच्या दिवसांत लाकूड आणि कोळशाच्या ठेक्यात त्याचं बरं फावलं होतं. कर्जतला त्याच्या चुलतभावाचं घर एकमजली होतं, तेव्हा बोरखिंडीतलं दुमजली होणं भागच होतं. पण सिमेंट मिळेना, लोखंड मिळेना. सगळं लढाईवर गेलेलं. म्हणून दगड चिंचेखाली वाट बघत पडला होता, आणि त्याच्यावर रोज सकाळी आनंदीबाईंची शाळा बसत होती.

ही शाळा आधी बहिरोबाच्या देवळात भरायची. आनंदीबाई दिवाळीनंतर बदलून आल्या. नवरा गेल्यावर पुण्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घेतलेली बाई. अंगाने काटकी आणि जिभेने तिखट. आल्या त्याच महिन्यात त्यांनी कातकरवाडीत फिरून पोरं गोळा केली आणि देवळाशी आणली. पायरीवर सदू उभा. सदू देवळाचा पंच. गावात कुठलंही काम निघालं की ते कसं होणार नाही हे सांगायला पहिला हजर.

"ही पोरं आत नाय यायची, बाई," तो म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. त्या आत गेल्या, फळा काखेत मारला आणि आत बसलेल्या पोरांना म्हणाल्या, "चला रे बाहेर. बसायचं तर सगळ्यांनी आत, नाहीतर सगळ्यांनी बाहेर." तेव्हापासून शाळा चिंचेखाली आली. गावाने थोडे दिवस तोंड वाकडं केलं, मग गावाला सवय झाली.

माघात तपासनीस आला. भला माणूस होता. पोरांचं पाठांतर ऐकून खूश झाला. पण जाताना चिंचेकडे वर बघत म्हणाला, "बाई, मृगाच्या आत चार भिंती आणि छप्पर दाखवा. देवळातली जागा आता चालणार नाही आणि झाडाखाली तर मुळीच नाही. नाहीतर शाळा बंद करून पोरांना कर्जतला धाडायचा हुकूम निघेल."

कर्जतला! गावातली मोठी दोन-चार पोरं गेली असती. कातकरवाडीतलं एकही गेलं नसतं. ती भट्टीवर कोळसा भरायला गेली असती, आईबापांसारखीच. आनंदीबाईंनी ते पुरतं ओळखलं आणि त्याच दुपारी शेठच्या ओटीवर जाऊन बसल्या. शाळेला दगड द्या म्हणाल्या.

शेठ हसला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याचं स्वतःवर फार प्रेम होतं. "दगड माडीचा हाय, बाई. त्यातली येक भिंत तुमाला दिली, तर माडी लंगडी नाय का व्हायची?"

"पोरं आडवी झाली तरी चालतील, माडी सरळ उभी राहिली म्हणजे झालं," असं बोलून बाई उठल्या. शेठ त्यावरही हसला. त्याला टोमणा लागत नसे, आणि बाईंना त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

आता यात अर्मेनियाचा राजा कुठून आला, ते सांगायला हवं.

बेचाळीस साली मुंबईवर जपानी बाँब पडणार म्हणून जी माणसं घरदार सोडून निघाली, त्यांत मिस अरातून नावाच्या एक अर्मेनियन बाई होत्या. त्या भिसेगावात एक बंगली भाड्याने घेऊन राहिल्या. बाँब काही पडला नाही, पण बाईंना तिथली हवा मानवली. लोक त्यांना अर्मानी बाई म्हणत. त्यांना मराठी वाचायला शिकायचं होतं, म्हणून आनंदीबाई बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे जात. भिंतीवर एक मोठा फोटो होता, दगडात कोरलेल्या माणसाचा. डोक्यावर मुकुट, अंगात वेलबुट्टीचा पायघोळ झगा, आणि दोन्ही हातांत एक छोटंसं देऊळ धरलेलं, एखाद्या तान्ह्या पोराला धरावं तसं.

"हा कोण?" असं आनंदीबाईंनी एकदा विचारलं, आणि अर्मानी बाई बोलायच्या थांबेनात.

हा गागिक राजा. हजार वर्षांपूर्वीचा. पलीकडचा काठ दिसू नये एवढ्या मोठ्या तळ्यातल्या अख्तमार बेटावर त्याने देवाचं घर बांधवलं. मानवेल नावाचा त्याचा स्थपती होता. शत्रूचा एक गड पाडून त्याचा दगड राजाने पाण्यावरून बेटावर आणला. भिंतींवर द्राक्षांचे वेल, सिंह, हरणं, साधुसंत असं सगळं कोरवून घेतलं. आणि त्यांच्या मुलखाची रीत अशी की जो बांधवतो त्याचं चित्र भिंतीवर कोरायचं, हातात ती इमारत घेऊन उभं असलेलं. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला राजा. राजा म्हणतोय, हे घे, तुझ्यासाठी केलं.

"राजाचा झगा देवापेक्षा भारी दिसतोय," आनंदीबाई म्हणाल्या.

"तो राजा होता ना," अर्मानी बाई हसल्या. मग त्यांचा आवाज बदलला. त्या वानच्या, त्याच तळ्याकाठच्या गावच्या. पंधरा साली त्या मुलखात त्यांच्या लोकांची कत्तल झाली. त्या लहान होत्या. चालत, मग मिळेल त्या गाडीने बसऱ्याला, तिथून बोटीने मुंबईला. आईबाप वाटेत गेले. "आमचं तिथे कुणी उरलं नाही, टीचरबाई. पण ते देवघर उभं आहे. ते उभं आहे म्हटलं की मला झोप लागते."

परतताना आनंदीबाई भिसेगावापासून बोरखिंडीपर्यंत त्या राजाचाच विचार करत चालल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मुकुटाखाली हळूहळू हिरामणशेठची मिशी यायला लागली.

चैत्रात बहिरोबाची जत्रा, आणि जत्रेला नाटक ठरलेलं. पण बेचाळीसपासून नाटकाची पंचाईत झाली होती. राजा-महाराजांचं नाटक लावलं की मधेच कुणीतरी जयजयकार करायचा, त्याचा सूर भलतीकडेच जायचा आणि पोलीस हजर. दोन वर्षं तालुक्याच्या साहेबाने परवानगीच दिली नव्हती. आनंदीबाईंनी गागिक राजाचं नाटक लिहिलं आणि स्वतः घेऊन गेल्या. साहेबाने सगळं वाचलं. परदेशी राजा, चर्च बांधतो, कुणाशी लढत नाही. त्याला हरकत घ्यायला काही सापडेना. त्याने सही ठोकली.

गावात मात्र सदूने हरकत घेतलीच. "किरिस्ताव राजाचं नाटक, आन् ते बहिरोबाच्या म्होरं?"

त्याला उत्तर भागूबाई गुरविणीने दिलं. भागूबाई म्हणजे देवळातली सगळ्यात जुनी बाई. देवाला बेल काढून आणायचा, हळदीचा भंडार उधळायचा, तो तिच्या घराचा मान. "त्यानं देवाला घर बांधलं न्हवं? आपला बहिरोबा काय त्याच्याशी भांडायला जातोय का रं? आन् तुला मानवेलचं सोंग दिलंय, त्ये तरी बघ." मानवेल हा राजाच्या खालोखालचा माणूस आहे, हे कळल्यावर सदूची हरकत मावळली.

आणि राजा अर्थातच हिरामणशेठ.

बाईंचा बेत सरळ होता. महिनाभर हा माणूस रोज उदार राजा होऊन बोलेल, तर त्यातलं थोडं तरी औदार्य अंगात मुरेल. शेवटच्या प्रवेशासाठी त्यांनी मुद्दाम एक भाषण लिहिलं. राजा हातात देवघराची प्रतिकृती घेऊन देवासमोर उभा राहतो आणि म्हणतो: "हा दगड मी माझ्या वाड्यासाठी घडवून घेतला होता. आजपासून तो माझा नाही. माझ्या हातात जे आहे त्याला मी तो दिला." इथे बाईंनी इतिहासाला किंचित हात लावला होता. खऱ्या राजाचा दगड शत्रूच्या गडाचा होता, स्वतःच्या वाड्याचा नव्हे. पण शाळा बंद पडणार असताना एवढं चालतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शेठ राजेपणात असा काही रुळला की बोलायची सोय नाही. अर्मानी बाईंनी जुना मखमली पडदा दिला, त्याचा झगा झाला. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा मुकुट झाला. शेठ भट्टीवरही राजाच्या चालीने चालायला लागला, गाडीवानाला म्हणायचा, "सारथी, बैल जुंपा!" नाटकाला रंगमंच हवा म्हटल्यावर त्याने आपल्याच दगडांवर फळ्या टाकू दिल्या. बाईंना वाटलं, विरघळतोय. एका तालमीनंतर त्यांनी हळूच खडा टाकून पाहिला, "काय मोठं मन होतं नाही राजाचं? स्वतःचा दगड देऊन टाकला."

"द्यायलाच पायजे," शेठ मिशी पुसत म्हणाला. "त्यो राजा व्हता, बाई. मी ठेकेदार हाय."

बाई घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत. चैत्र उजाडला होता, मृग समोर होता, आणि त्यांच्या हाताशी एका गर्विष्ठ माणसाचं फुकटचं सोंग तेवढं उरलं होतं. शाळा गेली, असं त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. तरी नाटक व्हायलाच हवं होतं. शब्द दिला होता.

प्रतिकृतीचं काम पोशाकडे गेलं. पोशा कातकरवाडीचा, शेठच्याच भट्टीवर राबणारा. बांबूच्या कामट्यांनी मासे धरायच्या टोपल्या विणाव्यात त्यानेच. बाईंनी त्याला फोटो दाखवला आणि असं कर म्हणाल्या. पोशाने फोटो वर धरला, खाली धरला, मान डोलावली. जत्रेच्या सकाळी त्याने वस्तू आणून ठेवली. कामट्यांचा सांगाडा, वर तांबड्या मातीने लिंपलेला कागद, टोकदार कळस, पुढे बिजागरीवर हलणारं चिमुकलं दार. बाई बघतच राहिल्या. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. मातीचे खडे राहिले असतील, असं म्हणून त्यांनी ती भागूबाईच्या हाती दिली, कारण झगा आणि मुकुट तिच्याच ताब्यात होते.

रॉकेल रेशनवर, म्हणून नाटक दिवसाउजेडीच. ऊन कलल्यावर बहिरोबाची पालखी वाजतगाजत आली आणि रीतीप्रमाणे रंगमंचासमोर टेकली. नाटकाचा पहिला प्रेक्षक देव. मागे गाव, शेजारच्या वाड्यांतली माणसं, खालापुराकडचे पाहुणे. अर्मानी बाईंना पुढे खुर्ची दिली होती. कातकरवाडीतली माणसं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, चिंचेच्या पलीकडे उभी. आनंदीबाई पडद्याआडून आठवण द्यायला उभ्या होत्या.

नाटक रंगलं. सैनिकांनी काळ्या फडक्यात कापूस भरून केलेले दगड कुंथत कुंथत वाहिले. बैलगाडीची नाव करून तळं ओलांडलं. सदूने मानवेल होऊन एवढ्या आज्ञा सोडल्या की त्यातल्या निम्म्या लिहिलेल्याच नव्हत्या. आणि हिरामणशेठ? बाईंना मनातल्या मनात मान्य करावं लागलं, माणूस राजा शोभत होता.

शेवटचा प्रवेश आला. पडद्याआड शेठ ओंजळ पुढे करून उभा होता, ओठ हलवत भाषण आठवत होता. भागूबाईने त्याच्या ओंजळीत काहीतरी ठेवलं, वर प्रतिकृती ठेवली. शेठने बघितलंही नाही. तो पुढे झाला, पालखीसमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"हा दगड मी माझ्या वाड्यासाठी घडवून घेतला होता. आजपासून तो माझा नाही. माझ्या हातात जे आहे त्याला मी तो दिला!"

टाळ्या झाल्या. शेठने वाकून प्रतिकृती पालखीसमोर ठेवली आणि नमस्काराला हात वर केले. टाळ्या एकदम थांबल्या.

त्याचे दोन्ही तळवे पिवळेधमक होते. उजव्या तळव्याला बेलाचं पान चिकटलं होतं.

"बेलभंडार," पुढच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं. तो शब्द मागे मागे जात चिंचेपर्यंत पोचला.

बेलभंडार हातात घेऊन देवासमोर बोललेला शब्द बोरखिंडीत कुणी मागे घेत नसे. बांधाचे तंटे त्यावर तुटायचे, सोयरिकी त्यावर जुळायच्या. खुद्द हिरामणशेठने जंगलातलं लाकूड चोरलं नाही म्हणून किती जणांना बेलभंडार उचलायला लावला होता, याला हिशोब नव्हता. त्यांतले बरेचसे आज चिंचेच्या पलीकडे उभे होते.

शेठने आपल्या हातांकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "भागूमावशे! ह्ये काय केलंस गं?"

भागूबाई पडदा सारून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं, दुसरं काही नाही. "काय म्हंजे? देवाला द्यायचं व्हतं न्हवं? देवाम्होरं काय द्यायचं तर बेलभंडार नको? मी सत्तर वर्सं हेच करत आलेय."

"अगं, ह्ये नाटक हाय!"

"राज्य नाटकातलं असंल रं, हिरामणा. बेल मी सकाळी खरा तोडला."

आनंदीबाईंनी पडद्याचा बांबू घट्ट धरला. हे त्यांनी लिहिलं नव्हतं. हे त्यांना सुचलंही नसतं.

तेवढ्यात मानवेलच्या अंगरख्यातला सदू पुढे उडी मारून आला. "पंचांनी ऐकलं! शेटनं दगड बहिरोबाला दिला! देवळाला सभामंडप बांधायचा!"

"खरं हाय," दोन-चार म्हातारे म्हणाले. "देवाला दिलं म्हंजे देवळाला."

बाईंचा धरलेला बांबू सुटला. ज्या देवळाच्या पायरीवरून आपली पोरं माघारी फिरली, त्याच देवळाला हा दगड? त्या पडद्याबाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची जीभ अडली.

शेठ चिडला होता. देऊळही नको, शाळाही नको, त्याला आपली माडी हवी होती. "ह्या कागदाच्या खेळण्यापायी माझा दगड?" असं म्हणत त्याने प्रतिकृती उचलून वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. ती खुळखुळली. त्याने पुन्हा हलवली, तर चिमुकलं दार उघडलं आणि एक सुटलेला चिंचोका त्याच्या तळव्यावर आपटून खाली पडला. शेठने दारातून आत डोळा लावला.

आत चिंचोके होते. जमिनीला डिंकाने चिकटवलेले, ओळीने बसवलेले. समोर एक जरा मोठा चिंचोका, एकटा. त्याच्यामागे काळी एवढीशी खापरी उभी केलेली.

शेठने दारावरचा डोळा काढला. "ह्ये कोनी केलं?"

"मी, शेट." पोशाचा आवाज चिंचेच्या पलीकडून आला.

"आत काय घातलंस?"

"पोरं, शेट. आन् म्होरं बाई. मागं फला." पोशा अडखळला, आपलं काही चुकलं असं वाटून. "बाईंनी घर कर सांगितलान. बाई शालंची. ती दुसरं काय बांधील? मंग मी शालाच केली. माझी सोमी तिसऱ्या वलीत हाय."

आनंदीबाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही.

भागूबाईने जागचं न हलता निवाडा दिला. "शेट काय बोलला? माझ्या हातात जे हाय त्याला दिला. हातात काय व्हतं? शाळा व्हती. सदू, तू गप."

सदू गप झाला. आता सगळे शेठकडे बघत होते. मुकुट जरा कलला होता, तळवे पिवळे होते, आणि पायाखाली त्याचा स्वतःचाच दगड होता. अजूनही तो झटकून टाकू शकला असता. त्याच्या भट्टीवर राबणारी माणसं त्याला काय बोलणार होती? बाईंना ते कळत होतं आणि त्यालाही.

तो बाईंकडे वळला. आवाज राजाचा नव्हता, ठेकेदाराचाही नव्हता. "बाई, खरं सांगा. त्या राजानं सोतासाठी वाडा बांधलाच नाय का?"

बाईंनी अर्मानी बाईंकडे पाहिलं. अर्मानी बाई खुर्चीवरून उठल्या आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "बांधला ना, सेठ. त्याच बेटावर बांधला. मोठा, सोनेरी घुमटाचा. आता तिकडे त्याचं काही नाही. देवघर आहे. राजा पण आहे, भिंतीवर, हातात धरून. हजार साल झाले, तो उभा आहे."

शेठने हातातल्या शाळेकडे पाहिलं. खाली पडलेला चिंचोका शोधून त्याने तो दारातून जपून आत टाकला आणि दार बोटाने लावलं.

"मंग मी दुमजली बांधून काय करू?" तो म्हणाला. मग त्याने मुकुट सरळ केला, छाती भरून घेतली, आणि पार पळसदरीच्या धरणापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात गरजला, "मानवेल! बघत काय ऱ्हायलास? उचला रं दगड!"

सैनिकांनी कापसाचे दगड फेकून दिले. फळ्या निघाल्या, रंगमंच मोडला, आणि अर्मेनियाचं सगळं सैन्य मिशा-दाढ्यांसकट खऱ्या दगडाला भिडलं. ढोल पुन्हा सुरू झाला. पाहुणे ठेवणीतले सदरे सावरत मागे सरले, मग तेही पुढे आले. चिंचेच्या पलीकडची माणसं अलीकडे आली. जड दगडाला हात कुणाचा लागतोय हे बघत बसायला कुणाला वेळ नव्हता. देवळाच्या डाव्या हाताची सपाट जागा सदूनेच दाखवली. पहिला दगड शेठ आणि पोशा दोघांनी मिळून नेऊन ठेवला. मखमली झगा पार फाटला, आणि अर्मानी बाई टाळ्या वाजवत हसत होत्या आणि रडत होत्या.

त्यानंतर सदू मानवेलच्या सोंगातून बाहेरच आला नाही. सिमेंट नाही? चुना आहे. लोखंड नाही? सागाच्या तुळया शेठच्या वखारीत आहेत. काम कसं होणार नाही हे सांगणारा माणूस रोज उठून काम कसं होईल हे सांगायला लागला. कातकरवाडीने चुना मळला, गावाने गाड्या दिल्या. मृगाच्या आधी कौलं चढली. देवळाजवळ शाळा उभी राहिली आणि तिला एकच दार ठेवलं, समोरचं, सगळ्यांसाठी.

दारावर पाथरवटाने शेठच्या हौसेखातर राजा कोरला. मुकुट, झगा, हातात घर. झग्यावर वेलबुट्टी भरपूर पाहिजे, असं शेठ दोनदा जाऊन सांगून आला. खाली शेठचं नाव घालायला पट्टी सोडली होती. अक्षरं शोभून दिसावीत म्हणून पाथरवट तपासनिसाच्या भेटीनंतर सावकाश नाव कोरणार होता.

तपासनीस आला. भिंतींवरून हात फिरवला, कौलांकडे पाहिलं, कोनाड्यात ठेवलेली पोशाची शाळा बघून खुळखुळवली. निघताना तो दारात थांबला आणि वर बोट करून पोरांना म्हणाला, "हा कोण रे?"

"राजा!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. सोमीचा आवाज सगळ्यांत वर होता. "त्यानं आमाला दगड दिला!"

"कुठला राजा?"

"अर्मेनियाचा! गागिक राजा!"

तपासनीस बुचकळ्यात पडला. हिरामणशेठ त्याच्या कोपराला लागूनच उभा होता, नव्या फेट्यात. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, हा माणूस न बोलता राहणं शक्यच नाही, असं त्यांना वाटलं. आणि तो नाही बोलला, तर आज त्या स्वतः पुढे होऊन त्याचं नाव सांगणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही.

शेठने मान हलवून त्यांना थांबवलं.

"पोरं बराबर बोलत्यात, सायेब," तो म्हणाला. "लई मोठा राजा व्हता." मग तो मागे छिन्नी घेऊन उभ्या असलेल्या पाथरवटाकडे वळला आणि हळूच म्हणाला, "ती पट्टी ऱ्हाऊ दे तशीच."